बसता येईल असं शिल्प : प्रस्तावना

टेंभी नाक्यावर उभं राहायला जागा मिळते, बसायला मिळत नाही. ठाण्यातला हा जुना, गजबजलेला नाका. बेने इस्रायली समाजाचं 1879 साली बांधलेलं ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग इथलंच. पारशांची अग्यारी इथलीच. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांचा आनंदाश्रम इथे, आणि त्यांनी 1978 मध्ये सुरू केलेला नवरात्रोत्सवही याच नाक्यावर मांडव घालून होतो. सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत जवळच होती, त्या काळात शहापूर-मुरबाडकडून आलेले पेशंटचे नातेवाईक दुकानांच्या पायऱ्यांवर, दुभाजकाच्या कडेला, नाहीतर फुटपाथवर वर्तमानपत्र पसरून बसलेले दिसायचे. जेवणाचा डबा मांडीवर, कपड्यांची पिशवी दोन पायांत धरलेली, आणि दुकानाचं शटर वर जायची वेळ झाली की मुकाट्याने उठायचं. बसण्याची जागा ही शहराची अगदी पहिली गरज, आणि नियोजनात ती सगळ्यात शेवटी आठवते. हे पुस्तक त्या अस्वस्थतेतून लिहिलं गेलं आहे.

विषय तसा छोटा आहे. बागेत, चौकात, तळ्याकाठी मांडलेलं असं शिल्प, ज्यावर बसता येतं, टेकता येतं, मुलांना चढता येतं. जे लांबून पाहिलं तर शिल्प आहे आणि जवळ गेलं तर बैठक आहे. जगभर अशी शिल्पं गेली शंभर-सव्वाशे वर्षं होत आली आहेत. आपल्याकडे ती तुरळक आहेत आणि जी आहेत त्यांच्याबद्दल मराठीत कुणी सलग लिहिलेलं नाही. शिल्पकलेच्या पुस्तकात त्यांना जागा नसते कारण ती ‘उपयोगाची’ असतात. बाग-बांधणीच्या पुस्तकात नसते कारण ती ‘कलेची’ असतात. माझं म्हणणं असं की अशा शिल्पाची परीक्षा आधी बैठक म्हणून घ्यावी. सत्तरीतल्या बाईंना ज्यावरून गुडघा धरून सहज उठता येत नाही, ज्याच्या खळग्यात पावसाचं पाणी चार दिवस साचून राहतं, जे मे महिन्यात दुपारी चटका देतं, ते कितीही देखणं असलं तरी नापास. एवढं जमलं की मग रूप, आकार, कल्पना यांची चर्चा करायला मोकळीक आहे, आणि ती पुढच्या प्रकरणांत भरपूर केली आहे.

शिल्प आणि बैठक यांची जोडी आपल्याला परकी आहे असं समजायचं कारण नाही. गावातला पार घ्या. वडा-पिंपळाभोवतीचा दगडी चौथरा, त्यावर कडेला टेकवलेल्या नागशिळा, वीरगळ, शेंदूर फासलेला एखादा देव, आणि त्यांच्याच शेजारी पाय सोडून बसलेली माणसं. कोरीव दगड आणि माणूस एकाच चौथऱ्यावर, एकाच सावलीत. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकाळातल्या मंदिरांत मुखमंडपाला पूर्ण भिंत नसते, अर्धी भिंत असते आणि तिच्या आतल्या अंगाला बसायची जागा. या भागाला कक्षासन म्हणतात. त्याची पाठ बाहेर कललेली असते: बाहेरून येणाऱ्याला कोरीवकाम दिसतं, आत बसणाऱ्याच्या पाठीला उतार मिळतो. एकाच दगडाने दोन कामं केली आणि दोन्ही चोख केली. आणि नंदी? नंदीच्या पाठीवर हात ठेवून, वाकून, त्याच्या दोन शिंगांच्या मधून पिंडीचं दर्शन घ्यायचं ही रीत किती जुनी आहे कोण जाणे. तिथे शिल्प नुसतं पाहायचं नसतंच. आपलं शरीर ठरावीक जागी, ठरावीक पवित्र्यात गेल्याशिवाय ते शिल्प पुरं होत नाही. हातांच्या स्पर्शाने तुळतुळीत झालेली नंदीची पाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘लोकसहभागातून घडणारी कला’ वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

मग चौकातलं शिल्प आपल्यापासून इतकं लांब कसं गेलं? याचं एक कारण पुतळा. आधुनिक महाराष्ट्रात सार्वजनिक शिल्प म्हटलं की पुतळा, आणि पुतळा म्हटला की चौथरा, साखळी, रेलिंग, हार घालायची शिडी. याबद्दल माझी तक्रार नाही. कल्याणला राहून काम केलेल्या सदाशिव उर्फ भाऊ साठे यांनी घडवलेला गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1961 सालचा. तो उंचावरच शोभतो, उंचावरच असायला हवा. डोंबिवलीतल्या त्यांच्या शिल्पालयात गेलं की या परंपरेची ताकद कळते: घोड्याच्या मानेतला ताण, अंगरख्याची चुणी, चेहऱ्यावरचा निश्चय, हे सगळं मान वर करून पाहण्यासाठी घडवलेलं आहे. पण मान वर करून पाहायचं शिल्प हा एक प्रकार झाला. आपण तोच एकमेव प्रकार धरून बसलो. त्यामुळे बागेतल्या हरणाभोवतीही आपण रेलिंग घालतो आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी लावतो, जसं काही त्या हरणाचीही विटंबना होणार आहे.

मुंबईत या नियमाला एक मोठा अपवाद सत्तर वर्षांहून जास्त काळ उभा आहे आणि त्याच्याकडे शिल्प म्हणून कुणी पाहत नाही. मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट. उद्यान 1952 सालचं. बुटाची रचना सोली आर्सीवाला यांची. हे गृहस्थ पेशाने पर्यावरण अभियंता, सांडपाणी शुद्धीकरणातले जाणकार. पुढे नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेचे संचालक झाले. बुटात राहणाऱ्या म्हातारीचं इंग्रजी बडबडगीत घेऊन त्यांनी एक भलामोठा बूट उभा केला, आत जिना घातला, वर खिडकीसारख्या जागा ठेवल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या बुटातून डोकावणाऱ्या पोराचा फोटो आहे. आजीचा फोटो आहे, आईचा आहे, नातीचाही आहे, आणि तिन्ही फोटोंत बूट तोच. आता तिथे लहान मुलांनाच वर सोडतात, ते योग्यच आहे; वापराने झिजलेल्या वस्तूला जपावं लागतं. पण मला त्या बुटाचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणाने. त्याने कलेचा कुठलाही आव आणला नाही. त्याने मुलाला आत बोलावलं, वर चढवलं, आणि वर गेल्यावर चौपाटी आणि समुद्र दाखवला. शिल्पाच्या पोटातून शहर पाहायची सोय करणारी दुसरी वास्तू आपल्याकडे मला आठवत नाही.

त्याच्याच जातीचा एक विचार जगाच्या दुसऱ्या टोकाला इसामु नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराच्या डोक्यात 1933 पासून घोळत होता. चढायचा, घसरायचा, खेळायचा एक डोंगरच शिल्प म्हणून बांधू, असा प्रस्ताव घेऊन तो न्यूयॉर्कच्या उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेसकडे गेला आणि हात हलवत परत आला. पुढे 1949-50 च्या सुमारास तो भारतात फिरला. सवाई जयसिंहाच्या जंतरमंतरने त्याला वेड लावलं: खगोलशास्त्राची यंत्रं, पण जिन्यांची, चढता येणारी, माणसाच्या मापाची. त्या जिन्यांचा आणि वळणांचा ठसा त्याच्या ‘स्लाइड मंत्र’ या घसरगुंडी-शिल्पावर स्पष्ट आहे. पांढऱ्या संगमरवरातलं ते शिल्प 1986 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात होतं. त्याचं काळ्या ग्रॅनाइटमधलं रूप जपानमधल्या सापोरो शहराच्या ओदोरी पार्कमध्ये 1992 साली बसवलं गेलं, नोगुचीच्या निधनानंतर चार वर्षांनी. मुलांच्या घसरण्याने दगड जसजसा गुळगुळीत होत जाईल तसतसं हे शिल्प पुरं होत जाईल, अशी त्याची धारणा होती. म्हणजे जयपूर-दिल्लीच्या उन्हात जन्मलेली कल्पना सापोरोच्या बर्फात जाऊन रुजली, आणि आपण मात्र जंतरमंतरकडे तिकीट काढून बघायचं स्मारक म्हणून पाहत राहिलो. ही गोष्ट मला मनापासून लागते.

बैठक-शिल्पाच्या इतिहासात एक नाव टाळताच येत नाही, ते बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलचं. आंतोनी गाउदीने 1900 ते 1914 या काळात तो घडवला आणि 1926 मध्ये तो सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. तिथल्या मोठ्या गच्चीच्या कडेने नागमोडी बाक फिरतो. त्यावरचं फुटक्या टाइल्सचं काम बरंचसं गाउदीच्या जोडीच्या जुझेप मारिया जुजोल याचं. फोटोंत रंग दिसतात, पण मराठी वाचकाने त्या गच्चीतली पाण्याची व्यवस्था समजून घ्यावी. गच्चीवर पडणारा पाऊस मातीतून गाळून खालच्या खांबांत उतरतो, खांब आतून पोकळ आहेत, आणि पाणी पायाखालच्या टाक्यात साठतं. नागमोडी वळणांमुळे बाकावर एकाच वेळी दोन प्रकारची बैठक होते: आतल्या वळणात चार जण तोंडाला तोंड करून गप्पा मारू शकतात, बाहेरच्या वळणावर एकटा माणूस सगळ्यांकडे पाठ करून निवांत बसू शकतो. सरळ बाकावर ही निवड नसते. तिथे अनोळखी दोघे दोन टोकांना बसतात आणि मधली जागा रिकामी राहते.

आणि फुटक्या टाइल्स तर आपल्या गच्च्यांवर आहेतच. पावसाचं पाणी झिरपू नये म्हणून मुंबई-ठाण्यातल्या इमारतींवर पिढ्यानपिढ्या चायना मोझॅक घातलं जातं. तुकडे कसे फोडायचे, कडा कुठे ठेवायची, सांधा किती भरायचा, उतार कुठल्या कोपऱ्याकडे न्यायचा, हे इथल्या गवंड्याच्या हातात आहे. गच्चीवर जे हात कुणाला दिसत नाहीत ते बागेत दिसले पाहिजेत. या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण मी या कारागिरीला दिलं आहे, कारण पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा पृष्ठभाग ऊन परतवतो, शेवाळ घासून काढता येतं, एखादा तुकडा निघाला तर तेवढाच बसवता येतो, आणि कोकणपट्टीच्या हवेसाठी याहून सोयीचं काही मला तरी सापडलेलं नाही.

ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे बसवायच्या शिल्पाचा पहिला आराखडा पावसाने काढायचा असतो. बसायच्या पृष्ठभागाला शंभराला दोन तरी उतार हवा. डोळ्याला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. लोखंडी सळया आणि जाळी बांधून त्यावर हाताने मसाला थापत आकार घडवायचा, ही फेरोसिमेंटची पद्धत वळणदार शिल्पांना फार उपयोगी आहे. साचा लागत नाही, खर्च कमी होतो. जोसेफ-लुई लांबो या फ्रेंच माणसाने 1848 मध्ये याच रीतीने होडी बनवली होती, त्यामुळे पाण्याशी तिचं वैर नाही. मात्र जाळीवरचा थर कुठे पातळ राहिला की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गंज धरतो, प्लास्टर फुगतं, तडा जातो आणि मुलाच्या पोटरीला ओरखडा काढायला सळईचं टोक बाहेर येतं. चौकाचौकांत हल्ली जी फायबरची शिल्पं दिसतात ती बैठक म्हणून मला अजिबात मान्य नाहीत. ती आतून पोकळ असतात, उन्हाने त्यांचा रंग उडतो, आणि एकदा तुटली की काचतंतूची कूस हातात घुसते. स्टेनलेस स्टील दिसायला झकास, पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्यावर बसून दाखवावं. ग्रॅनाइट दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात वाजता, नेमकी माणसं फिरायला येतात तेव्हा, ते परत देतो. सावली असेल तर ग्रॅनाइट उत्तम. म्हणून पाराची जागा झाडाखाली असते. फक्त झाडाच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवायला हवी. काँक्रीटचा गळपट्टा घातलेली झाडं पहिल्याच वादळात उन्मळतात.

आता मापं. बसायची उंची साधारण 43 ते 45 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दीड फूट. खोली, म्हणजे बाकाच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, पाश्चात्त्य पुस्तकांत 40 ते 45 सेंटिमीटर दिलेलं असतं. आपल्या बागांत बहुतेक बाक या मापाचे येतात आणि इथेच गफलत होते. आपण पाय खाली सोडून पंधरा मिनिटं बसतो आणि मग मांडी घालतो. एक पाय वर घेतो. चप्पल खाली काढून गुडघे पोटाशी धरतो. डबा उघडायचा असेल तर समोरासमोर बसतो आणि डबा मध्ये ठेवतो. यासाठी दोन ते अडीच फूट रुंदी लागते. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा काय, आमच्या मासुंदा तलावाच्या पाळीवरचा कट्टा काय, लोकांना ते इतके प्रिय का? त्यांना पाठ नाही, नक्षी नाही, मऊपणा तर नाहीच. पण त्यांवर हवं तसं बसता येतं, दोन्ही बाजूंना तोंड करता येतं, आणि आठ जणांचा घोळका आला तरी कुणाला उभं राहावं लागत नाही. मराठी मातीतलं बैठक-शिल्प घडवायचं असेल तर त्याने बाकाचं नाही, कट्ट्याचं माप घ्यावं, एवढी माझी विनंती शिल्पकारांना आहे. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र त्याच शिल्पाच्या एखाद्या भागाला पाठ हवी आणि उठताना रेटा द्यायला हाताशी कड हवी. मुलं चढणार हे गृहीत धरायचं. त्यामुळे कुठलीही फट साधारण 9 ते 23 सेंटिमीटर या दरम्यानची नको, कारण त्या मापात मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. खेळणी बनवणाऱ्यांच्या सुरक्षा-नियमांतला हा आकडा आहे आणि शिल्पकाराने तो भिंतीवर लिहून ठेवावा.

बैठक आणि शिल्प यांच्या मेळातून वाईटही निपजतं, त्याचं उदाहरण लंडनचं. तिथल्या कॅम्डन भागात 2012 मध्ये काँक्रीटचे खास आकाराचे बाक बसवले गेले. तिरके पृष्ठभाग, बोथट कोपरे, दिसायला थेट आधुनिक शिल्प. पण त्यांचा प्रत्येक उतार कुणीतरी तिथे झोपू नये, स्केटबोर्ड चालवू नये, वस्तू लपवू नये यासाठी बेतलेला. आपल्याकडे हेच काम बाकाच्या मधोमध वेल्डिंग केलेला लोखंडी दांडा करतो. ज्या कुठल्या नाक्यावर हॉस्पिटलात रात्र काढणारे नातेवाईक पाठ टेकायला जागा शोधत फिरतात, तिथे असा दांडा बसवणं मला अमानुष वाटतं. कुणी थोडा वेळ आडवं झालं तर शहराचं काय जातं? उलट बसायला रीतसर जागा असेल तर बायकांनाही बाहेर थांबायला निमित्त लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल हेच मांडलं: रस्त्यावर बाई कायम कुठेतरी निघालेली असते किंवा तशी दिसावी लागते. पुरुष टपरीपाशी तासभर उभा राहिला तर कुणी विचारत नाही. भर प्रकाशात, चारी बाजूंनी दिसणारी, घोळक्याने बसता येईल अशी देखणी बैठक ही त्या बाईसाठी हक्काची जागा होऊ शकते.

शिल्पाचा विषय निवडतानाही आपल्या रीतिभातींचं भान हवं. लंडनमध्ये 2014 च्या उन्हाळ्यात उघड्या पुस्तकाच्या आकाराचे 50 बाक शहरभर मांडले होते, प्रत्येकावर एकेका पुस्तकाचं चित्र. कल्पना गोड आहे आणि आपल्याकडेही लगेच उचलली जाईल. पण पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. त्या पुस्तकावर बसायला, चप्पल घातलेलं पोर उभं करायला सांगणं इथे जड जाईल. 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या ठाण्यात तर नक्कीच. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिथे पुस्तकं हाताशी ठेवली आहेत आणि बसायला घरांच्या ओट्या-पडव्या आहेत. हा मार्ग आपल्याला जवळचा. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या हिरवळीवर 2019 मध्ये वास्तुरचनाकार नुरू करीम यांनी ‘बुकवर्म’ नावाची लाकडी रचना उभी केली होती. सुटे तुकडे जोडून केलेल्या, अळीसारख्या वळत जाणाऱ्या दोन भिंती, त्यांच्या खणांत मुलांसाठी हजारो पुस्तकं, आणि त्याच खणांच्या पायऱ्या होऊन मुलं त्यांवर चढत, बसत, वाचत. पुस्तक हातात राहिलं आणि बूड लाकडावर. माझ्या मते अलीकडच्या काळात आपल्याकडे झालेलं हे या प्रकारातलं सर्वांत चांगलं काम, आणि ते सुटं होऊन दुसरीकडे नेता येत होतं हे त्याहून चांगलं.

संत, देव, राष्ट्रपुरुष, हे विषय बैठकीला वर्ज्यच. पण कासव आहे, होडी आहे, खाडी आहे, जातं आहे, उखळ आहे, सुपारीची पोफळ आहे, आगगाडी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, आणि तरीही या शहरातल्या पोरांना चढून बसता येईल असा रेल्वेचा एक धड डबा शिल्परूपात आपण करू नये? ठाण्याची तळी हा तर न आटणारा विषय. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, प्रत्येकाचा काठ वेगळा, वळण वेगळं. उपवनच्या काठावर 2014 पासून संस्कृती आर्ट फेस्टिव्हलमध्ये मांडणशिल्पं पाहायला लोक गर्दी करतात, काळा घोडा महोत्सवात 1999 पासून करत आले आहेत. ही गर्दी थोड्याच दिवसांत ओसरते. हौस आहे, डोळा तयार आहे. कायम राहणारी वस्तू नाही.

आणि कट्टा ही वस्तू ठाणेकरांना कुणी शिकवायची गरज नाही. नौपाड्यातल्या जिजामाता उद्यानात दर बुधवारी आचार्य अत्रे कट्टा भरतो, व्याख्यानं होतात, माणसं ऐकायला येतात. अभिनय कट्टा आहे, ब्रह्मांड कट्टा आहे. या शहराने बसायच्या जागेवरून संस्थांची नावं ठेवली. इतकं प्रेम असलेल्या जागेला रूप मात्र आपण सिमेंटच्या ठोकळ्याचं दिलं. टेंभी नाक्यासाठी मी या पुस्तकात एक आराखडा जोडला आहे: नागमोडी, दोन फूट रुंदीचा, पांढऱ्या-निळ्या चायना मोझॅकचा, आठ सुट्या तुकड्यांत केलेला कट्टा, जो नवरात्रात मांडवासाठी क्रेनने उचलून बाजूला घेता येईल आणि दसऱ्यानंतर परत जागेवर ठेवता येईल. एका तुकड्याला पाठ आहे, एकाला व्हीलचेअर शेजारी लावता येईल अशी खाच आहे, एका तुकड्याचा फुगवटा मुलांना घोडा करता येईल इतका उंच आहे. तो जसाच्या तसा व्हावा असा आग्रह नाही. त्याच्यावर तुटून पडावं, मापं बदलावीत, म्हणून तो दिला आहे.

शेवटचं प्रकरण देखभालीचं आहे. वाचक ते बहुधा गाळतील, म्हणून इथेच थोडं सांगून ठेवतो. हवानाच्या एका बागेत शिल्पकार होझे व्हिया सोबेरॉन यांनी घडवलेला जॉन लेननचा ब्राँझचा पुतळा 2000 सालापासून बाकावर बसलेला आहे. शेजारी कुणीही बसावं. त्याचा चष्मा इतक्या वेळा चोरीला गेला की चष्मा सांभाळायला माणूस ठेवावा लागला. शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ हे मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिल्प. सुमारे 110 टन वजनाचं, आरशासारखं, आणि ज्याच्याखालून चालत जाता येतं असं. लोक त्याला सतत हात लावतात आणि लावावेत अशीच त्याची घडण आहे. त्यासाठी जमिनीपासून सहा फुटांपर्यंतचा भाग रोज दोनदा हाताने पुसला जातो. हात लावू द्यायचा असेल तर पुसायचीही तयारी हवी. तिथे हा खर्च नेमाने केला जातो. आपल्याकडे पैसे ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली एकदाच येतात, उद्घाटनाची कोनशिला लागते, त्यावर निमंत्रितांची नावं येतात, आणि शिल्पकाराचं नाव खाली बारीक अक्षरांत आलं तर आलं. गवंड्याचं, वेल्डरचं, टाइल्स लावणाऱ्या बाईंचं नाव येतच नाही. दोन वर्षांनी तुकडा निघाला की तो कुणी आणि कसा बसवला होता हे सांगणारं कुणी उरत नाही, मग वरून ऑइलपेंट फासला जातो.

म्हणून पुस्तकाच्या अखेरीस निविदेत घालता येईल असा मजकूर मराठीत तयार करून दिला आहे. नगरसेवकांनी, उद्यान विभागाने, सोसायट्यांनी तो बिनदिक्कत उचलावा. त्यात मापं आहेत, उतार आहे, साहित्य आहे, कारागिरांची नावं कोरण्याची अट आहे, टाइल्सचा दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवण्याची अट आहे. आणि एक अट अशी आहे की पहिला पावसाळा संपल्यावर शिल्पकार आणि गवंडी या दोघांनी मिळून जागेवर यायचं, पाणी कुठे साचलं, कड कुठे झिजली, कोण कुठे बसतं आणि कुठे कुणीच बसत नाही हे पाहायचं, लागेल ती दुरुस्ती करायची. आणि या कामाचे दोघांचे पैसे मूळ रकमेतच धरलेले असायचे.